वाचनबाईंनी लावलेला शोध

कोट शिवण्याच्या त्या कारखान्यात यंत्रांचे दालन तळमजल्यावर होते आणि हातशिलाईची खोली वरच्या मजल्यावर. खाली शिवून झालेले कोट वर येत. तिथे त्यांना काजे केली जात, बटणे लागत, अस्तराची तुरपाई होई. यंत्र बोलते, सुई बोलत नाही. त्यामुळे वरच्या खोलीत माणसांचे बोलणे स्पष्ट ऐकू येई, आणि बायकांचे बोलणे दुपारपर्यंत भांडणावर येते असा मुकादमीणबाईंचा अनुभव होता. त्या खोलीत वाचनाची रीत रुजली ती काही ज्ञानाच्या ओढीने नव्हे. भांडणापेक्षा गोष्ट बरी, एवढ्याच विचाराने.

वाचणाऱ्या स्त्रीला सगळ्या जणी ‘बाई’ म्हणत, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसे. तिच्या पाठीमागे ‘वाचनबाई’. त्यांना खरोखरच शाळेतली बाई व्हायचे होते. शालान्त परीक्षेत गुण उत्तम पडले होते. पण त्याच वर्षी वडिलांनी अंथरूण धरले, आणि थोरल्या मुलीच्या वाट्याला जे येते ते आले. आधी शिवणकाम, मग लग्न, मग पुन्हा शिवणकाम. नवरा बसच्या आगारात इंजिने दुरुस्त करी, सासूबाई घर सांभाळत. वाचनबाईंच्या हातात सुई कधी मनापासून बसली नाही. त्यांची काजे उसवून परत टाकताना मुकादमीणबाई विचारत, “बाई, हे काज आहे की उंदराचं बीळ?”

एका दुपारी बटणांच्या पुडीचा कागद उलगडून त्या त्यावरचा छापील मजकूर मोठ्याने वाचू लागल्या. तो कुठल्याशा गोष्टीचा मधलाच तुकडा होता. कागद संपला तशी समोरच्या बाकावरची मावशी म्हणाली, “मग? पुढं काय झालं त्या मेल्याचं?” मावशी म्हणजे त्या खोलीतली सर्वांत जुनी कारागीण. पुढचे कुणालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी वाचनबाईंनी वाचनालयातून अख्खे पुस्तक आणले.

तेव्हापासूनची व्यवस्था अशी होती की दुपारच्या सत्रात बाईंनी वाचायचे आणि त्यांच्या वाट्याचे कोट बाकीच्यांनी आपापसांत वाटून घ्यायचे. ही गोष्ट वरवर दिसते तेवढी साधी नाही. जो माणूस इतरांच्या श्रमावर बोलतो, त्याच्या शब्दाला श्रम करणाऱ्यांच्या शब्दापेक्षा अधिक वजन येते, आणि हे वजन आपल्याला कुणी दिले याचा त्याला हळूहळू विसर पडतो. सुरुवातीला वाचनबाई संकोचाने वाचत. पुढे त्या उभ्या राहून वाचू लागल्या. पुढे कुणी मध्ये खोकले तरी त्या थांबून त्या बाजूला पाहत.

गोष्टी पुष्कळ वाचल्या, पण खोलीने मनावर घेतली ती एक जुनी रहस्यकथामाला. तिची पुस्तके वाचनालयात इतक्या वेळा बांधून झाली होती की काहींची मूळ मुखपृष्ठे कुणी पाहिलेली नव्हती. तिचा नायक काठी टेकत चालणारा एक निवृत्त न्यायाधीश होता. बायका त्याला ‘काठीवाला’ म्हणत, आणि तो शेजारच्या गल्लीत राहत असावा अशा जवळिकीने त्याच्याविषयी बोलत. शेवटच्या प्रकरणात तो घरातल्या सगळ्यांना एका खोलीत बसवी, एकेकाची उलटतपासणी मांडी आणि अखेर काठी जमिनीवर आपटून गुन्हेगाराकडे वळे. त्या जागी पोहोचल्या की वाचनबाई टेबलावरचा कापड मोजायचा लाकडी गज उचलून आपटत. मावशी दर वेळी दचके आणि दर वेळी म्हणे, “आई गं! ठाऊक असून दचकते बघा मी.”

शेवटच्या प्रकरणाआधी वाचन एक दिवस थांबे. एका जुन्या कॉलरीच्या पट्टीवर दोऱ्याने संशयितांच्या खुणा काढलेल्या असत: डॉक्टरची पेटी, पुतण्याची टोपी, स्वयंपाकिणीची पळी. प्रत्येकीने आपल्या संशयाच्या खुणेवर टाचणी टोचायची. जिची टाचणी खरी ठरे तिला पुढचे पुस्तक संपेपर्यंत खिडकीजवळची उजेडाची जागा मिळे. वाचनबाई टाचणी टोचत नसत. त्या पुढची पाने चाळतही नसत. आपले आश्चर्य खोटे असू नये असा त्यांचा नियम होता, आणि त्या नियमाचा त्यांना अभिमान होता.

टाचणी न टोचणारी आणखी एक होती. तिला ‘नवी’ म्हणत. तिच्यानंतर दोघी कामाला लागल्या, त्यांना लगेच नावे पडली. ही मात्र नवीच राहिली. सासर सुटल्यावर ती भाऊ-वहिनीकडे राहत होती. हात सफाईदार, बोलणे कमी, बसण्याची जागा दाराशी. दर पुस्तकाला पट्टी तिच्याकडे जाई आणि तशीच पुढे सरके.

“का गं, तुला उजेड नको का?” एकदा चिमणीने विचारले. चिमणी ही खोलीतली सर्वांत बोलकी.

“हवाय की. पण उगीच कुणावर बोट कशाला ठेवायचं?”

“अगं, कागदावरचा माणूस तो! तुझ्यावर काय फिर्याद करायला येणारे?”

सगळ्या हसल्या. नवीही हसली, पण तिने टाचणी घेतली नाही.

त्या हंगामात एका मोठ्या हॉटेलच्या दरवानांसाठी कोट शिवायचे काम आले होते. त्यांना गर्द निळ्या रेशमी कापडाचे अस्तर लावायचे होते. एका सकाळी कापड बेतणारे कटर मास्तर जिना चढून वर आले आणि दारातूनच म्हणाले, “निळ्या अस्तराचा गठ्ठा कुठंय?”

“वर आलाच नाही,” मुकादमीणबाई म्हणाल्या.

“आला. मी स्वतः पाठवलाय. खाली नाही म्हणजे वरच असणार.”

बाके सरकवली, टोपल्या उलट्या केल्या, जुन्या कपाटामागे गज घालून पाहिले. गठ्ठा मिळाला नाही. मास्तर म्हणाले, “संध्याकाळपर्यंत नाही सापडला तर मालकांना सांगावं लागेल,” आणि खाली गेले. खोलीवर ओझे आले. तशात चिमणी म्हणाली, “बाई, आता तुमच्या काठीवाल्यालाच बोलवा.” मावशीने री ओढली, “काठीवाला कशाला हवा? बाईंनी एवढी पुस्तकं वाचली, त्यांना नाही का कळणार?”

ही थट्टा होती. वाचनबाईंनी ती थट्टा म्हणून घेतली असती तर पुढचे काही घडले नसते. पण त्या उभ्या राहिल्या. मुकादमीणबाईंनीही अडवले नाही, कारण त्यांना संध्याकाळपर्यंत मास्तरांना द्यायला काहीतरी उत्तर हवे होते.

वाचनबाई बोलल्या ते नीट, क्रमाने आणि मोठ्या सुंदर आवाजात. गठ्ठा बाहेर जायचा तर दारातून. दाराशी बसते कोण? गठ्ठा झाकायला मोठी पिशवी हवी. मोठी पिशवी कुणाची? आपण सगळ्या शोधत होतो तेव्हा एकजण खाली मान घालून शिवत होती. ती का उठली नाही? आणि जी इतरांवर बोट ठेवायला भिते, ती कशाला भीत असेल? इथे त्यांचा हात टेबलावरच्या गजाकडे गेला. गज आपटला तेव्हा मावशी दचकली. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या होत्या.

“मी उठले नाही, कारण हातातलं काज अर्धं होतं,” नवी म्हणाली. “अर्ध्यात सोडलं तर कापड सुटतं.”

पिशवी उघडली. डबा, ओढणी, पायांत घालायचे जुने मोजे. गठ्ठा नव्हता. मुकादमीणबाईंनी वाचनबाईंकडे पाहिले. त्या क्षणी मागे फिरणे सोपे होते. वाचनबाई म्हणाल्या, “नसणारच. हुशार चोर माल जवळ ठेवत नसतो.”

“अगदी पुस्तकातल्यासारखं!” चिमणी उद्गारली, आणि दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या.

पुरावा सापडला तर तो गुन्ह्याचा पुरावा आणि सापडला नाही तर तो हुशारीचा पुरावा, ही विचारसरणी एकदा मान्य झाली की आरोपीला बोलायला जागाच उरत नाही. नवीला कामावरून काढले नाही; कारखान्याला हात हवे होते. तिला मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत चिंध्या निवडायला बसवले. तिथे लोकरीचे तुकडे वेगळे, सुती वेगळे, अस्तराचे वेगळे करायचे. दिवसभर तंतू उडत आणि माणूस खोकत राही. दुपारी ती वर येई ती फक्त चिंध्यांचे पोते न्यायला. तेवढा वेळ वाचन थांबत नसे; तिच्याकडे कुणी पाहत नसे एवढेच.

वाचनबाईंनी त्या दिवशी घरी जाऊन सगळे सविस्तर सांगितले होते. सासूबाई भाजी निवडायची थांबून ऐकत राहिल्या. “बघ रे,” त्या मुलाला म्हणाल्या, “तू नुसती यंत्रं उघडतोस. हिनं माणूस उघडून दाखवला.”

काही दिवसांनी गठ्ठा आला. कारखान्याच्या दुसऱ्या शाखेतून, काळ्या कापडाच्या ठाणात गुंडाळलेला. मास्तरांनी स्वतःच तो चुकून त्या गाडीत चढवला होता. “होतं असं घाईत,” ते हसून मुकादमीणबाईंना म्हणाले आणि कामाला लागले. मुकादमीणबाईंनी वाचनबाईंना जिन्यात गाठले.

“बाई, गठ्ठा मिळाला. तिनं घेतला नव्हता.”

वाचनबाईंनी वर खोलीच्या दाराकडे पाहिले.

“आत्ता लगेच तिला वर घेतलं तर आपलंच हसं होईल. तुमचंही अन् माझंही. थोडे दिवस जाऊ देत. चिंध्यांवर दुसरी कुणी मिळाली की बोलावू तिला, गाजावाजा न करता.”

“तुम्ही म्हणाल तसं,” वाचनबाई म्हणाल्या.

हे तीन शब्द वाचनबाईंच्या आयुष्यातले सर्वांत हीन शब्द होते. पण उच्चारताना ते शिष्टाचारासारखे वाटले. आपण वरिष्ठांचे ऐकले असेच त्यांना वाटले. निळे अस्तर दुसऱ्या दिवशी वर आले आणि सगळ्यांनी ते कोटांना लावले. ते कुठून आले हे कुणी विचारले नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला लाजवील असा संशय असतो, तो प्रश्न माणसे सहसा विसरतात.

काठीवाल्याच्या मालेतले एकच पुस्तक आता वाचायचे राहिले होते. वाचनालयाच्या ग्रंथपालांनी ते फळीवरून काढले, पण लगेच हातात दिले नाही.

“हे सोडा, बाई. हे नाही वाचलंत तरी काही बिघडणार नाही.”

“का? फाटलंय का?”

“फाटलं असतं तर बरं होतं. हाताची पाचही बोटं सारखी नसतात, त्यातलं हे करंगळीचं नख. लेखक थकला होता म्हणतात.”

“आमच्या बायकांना माला पुरी हवी आहे,” वाचनबाई म्हणाल्या आणि पुस्तक घेऊन आल्या.

ग्रंथपालांचे म्हणणे पहिल्याच दुपारी पटले. एका जहागिरदाराच्या घरातून रत्नांचा हार नाहीसा होतो आणि काठीवाला तिथे पाहुणा म्हणून येतो. पण येतो तो बसूनच राहतो. पानेच्या पाने तो जेवतो, बागेतल्या गुलाबांची विचारपूस करतो, आणि मागच्या पुस्तकांत आपण किती हुशारीने वागलो ते यजमानाला ऐकवतो. चिमणीने जांभई दिली. मावशी म्हणाली, “ह्याला हार शोधायला बोलावलाय की जावयासारखं कौतुक करून घ्यायला?” कुणी म्हणाली, लेखकाला झोप लागली आणि हात तसाच लिहीत राहिला. वाचनबाईंना हे झोंबले. या पुस्तकांची अब्रू ती आपली अब्रू असे त्या मानत आल्या होत्या. त्या अधिक आवाज लावून वाचू लागल्या, जिथे लेखकाने काही घातले नव्हते तिथे आवाजाने घालू लागल्या. तरी वाक्ये रिकामीच वाजत.

शेवटच्या प्रकरणापाशी वाचन नेहमीप्रमाणे थांबले. पट्टी फिरली, पण टाचण्या टोचताना कुणी वाद घातला नाही. त्या संध्याकाळी वाचनबाईंनी पुस्तक पिशवीत घालून घरी नेले आणि आपला नियम मोडला. शेवट तरी सावरला आहे का, ते त्यांना आधी पाहायचे होते.

स्वयंपाकघरात दूध तापत ठेवून त्या उभ्या उभ्याच वाचू लागल्या. काठीवाला सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो. जहागिरदार, त्याची मुलगी, कर्जबाजारी भाचा, सगळे खुर्च्यांवर. आणि दाराशी उभी असलेली धोबीण, जिला साऱ्या पुस्तकात जेमतेम एकदा बोलायला मिळाले होते. काठी आपटून तो तिच्याकडे वळतो. का? ती दारातून ये-जा करते. तिच्याकडे मोठे गाठोडे असते. हार शोधताना सगळे धावले, ती मात्र कपडे मोजत राहिली. तिच्या गाठोड्यात काही सापडले नाही, आणि त्यावर काठीवाला मिशीतल्या मिशीत हसून म्हणतो, की तिच्या धूर्तपणाची हीच तर साक्ष! धोबीण एका वाक्यात गुन्हा कबूल करते, शिपाई तिला घेऊन जातात, आणि पुन्हा जेवणाची घंटा होते.

दूध उतू गेले. वाचनबाईंनी पुस्तक ओट्यावर आपटले.

“काय गं, काय झालं?” सासूबाई बाहेरून म्हणाल्या.

“काय व्हायचंय! इतकी वर्षं ज्याला डोक्यावर घेतलं त्यानं माती खाल्ली. ना साक्ष, ना पुरावा. दाराशी उभी होती म्हणून ती चोर! गाठोडं मोठं म्हणून ती चोर! काही सापडलं नाही, तर म्हणे, बघा किती हुशार! अहो, शेंबडं पोरसुद्धा असा न्याय करणार नाही. लिहिणाऱ्याला लाज कशी वाटली नाही?”

सासूबाई आत येऊन ओटा पुसू लागल्या. त्यांनी सुनेचे सगळे बोलणे लक्ष देऊन ऐकले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निर्मळ कौतुक होते.

“अगं, मग चिडतेस कशाला?” त्या म्हणाल्या. “म्हणजे त्यानं अगदी तुझ्यासारखंच शोधून काढलं की!”

या वाक्यात टोमणा नव्हता. तो असता तर वाचनबाईंना उत्तर सुचले असते. नवरा दारात हात पुसत उभा होता. त्याने बायकोकडे पाहिले आणि नजर खाली वळवली. त्या नजरेवरून त्यांना कळले की आपल्या शोधात पुरावा नव्हता हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, आणि आपल्याला वाईट वाटेल म्हणून तो गप्प राहिला होता.

“तुम्ही तरी बोलायचं होतंत,” त्या म्हणाल्या.

“तू विचारलं नव्हतंस. तू सांगत होतीस.”

शरम ही सहसा एकदम येत नाही. चढत येणाऱ्या पाण्यासारखी ती आधी पायांना लागते. वाचनबाईंना प्रथम स्वतःचा आवाज आठवला, तो किती गोड लागत होता ते. मग टाळ्या. मग पिशवीतून निघालेले मोजे. त्यांच्या टाचेला वेगळ्या रंगाच्या लोकरीने केलेले रफू. आणि मग जिना, आणि ‘तुम्ही म्हणाल तसं’. लेखक थकला होता म्हणून त्याने धोबिणीला पकडले असेल. निदान त्याची धोबीण शाईची होती. त्या जेवायला बसल्या, पण सासूबाईंनी वाढलेले त्यांच्याने खाववेना. सासूबाईंना वाटले, पुस्तक फारच मनाला लागले पोरीच्या.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्यांच्या मनात शेवट बदलून वाचण्याचा विचार येऊन गेला. भाच्याला चोर ठरवायचे. धोबीण सुटेल, काठीवाल्याची लाज राहील, खोलीला बरे वाटेल. खोलीत कुणी पुस्तक उघडून पाहणार नव्हते. पण धोबीण सुटून कुणाचे काय होणार होते?

त्यांनी शेवट होता तसा वाचला. गज उचलला नाही. बायका पेटल्या.

“हा काय पुरावा झाला?” चिमणी म्हणाली. “मोठं गाठोडं तर माझ्या नणंदेकडेही आहे!”

“त्या जहागिरदारानंच कुठं तरी ठेवला असेल हार अन् विसरला असेल मेला,” मावशी म्हणाली. “गरीब बघून चिकटवलं झालं.”

हशा झाला. एवढ्यात दार उघडून नवी पोते न्यायला आत आली. हशा तसाच चालू राहिला. तो तिच्यासाठी नव्हता आणि तिच्यासाठी थांबणारही नव्हता. वाचनबाईंनी पुस्तक मिटले.

“मावशी, तुम्ही म्हणता तसंच झालं होतं,” त्या म्हणाल्या. “पुस्तकात नव्हे. इथं. निळा गठ्ठा मास्तरांनीच चुकून दुसऱ्या शाखेत पाठवला होता. तो परत आला हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी गप्प बसले. या काठीवाल्याला तुम्ही आत्ता हसलात ना? त्याचं सगळं बोलणं मी इथं उभी राहून बोलले होते. तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात, पण बोलले ते मी.”

कुणाच्या हातातली सुई हलेना. चिमणीचा चेहरा लाल झाला. मुकादमीणबाई दात आवळून म्हणाल्या, “बाई, हे इथं बोलायचं नव्हतं.”

“दुसरीकडं बोलले असते तर पुन्हा गप्प बसल्यासारखंच झालं असतं.” वाचनबाई दाराकडे वळल्या. नवी पोत्याचे तोंड हातात धरून उभी होती. “तुमची मी अपराधी आहे. मला माफ करा असं म्हणायचाही मला हक्क नाही.”

नवीने पोते खाली ठेवले. ती रडली नाही. ती रडेल अशी खोलीची अपेक्षा असावी, कारण सगळ्या अवघडल्या.

“इथल्यांना आज कळलं, बरं झालं,” ती म्हणाली. “पण बाई, माझ्या घरी काय? मला चिंध्यांवर का टाकलं ते इथल्या कुणीतरी वहिनीला सांगितलं. त्या दिवसापासून ती माझ्यासमोर कपाटाला कुलूप घालते. किल्ली कमरेला. भाऊ माझ्याशी बोलताना भिंतीकडं बघतो. तुमची माफी घेऊन मी ते कुलूप कशी उघडू?”

“मी येते,” वाचनबाई म्हणाल्या. “आज येते.”

काम सुटल्यावर दोघी बरोबर निघाल्या, पण बरोबरीने चालल्या नाहीत. नवी दोन पावले पुढे. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागून एक अरुंद बोळ जात होता, त्याच्या शेवटी लोखंडी जिना. वरच्या दोन खोल्यांत एकीत झोपायचे आणि एकीत बाकी सगळे. लाकडी कपाट दारासमोरच होते. त्याच्या कडीला पितळेचे कुलूप होते, चकचकीत आणि नवे.

वहिनीने आदराने बसायला दिले, पाणी आणले. भाऊ खाटेच्या कडेला टेकला. वाचनबाईंनी सांगितले. कारखान्यातले सुंदर वाक्य एकही ओठांवर येऊ न देता, तुटक तुटक सांगितले: गठ्ठा, मास्तर, शाखा, चूक माझी, गप्प मी बसले, हिचा कशाशीही संबंध नव्हता.

“बरं झालं हो सांगितलंत,” वहिनी म्हणाली. “म्हणजे आम्हालाही वाटतच होतं, आमच्या वन्सं तशा नाहीत.” किल्ली तिच्या कमरेलाच होती. तिने थोडा विचार केला. “पण एक विचारू का? इतक्या जणींमधून तुम्हाला यांचाच संशय का आला?”

“काही कारण नव्हतं.”

“असं कसं? तुम्ही शिकलेल्या, वाचणाऱ्या. उगीच कशाला म्हणाल? काहीतरी दिसलं असेलच ना?”

वाचनबाईंनी नवीकडे पाहिले. नवी कपाटाकडे पाहत होती. त्यांच्या ध्यानात आले की आपण इथे येऊन दिलेली कबुलीसुद्धा हे घर एक धागा म्हणूनच हातात घेत आहे, त्याच्या दुसऱ्या टोकाला काय बांधले असेल ते चाचपत आहे. असे चाचपायला त्यांनीच शिकवले होते.

“ती दाराशी बसते. बोलत नाही. एवढंच दिसलं,” त्या म्हणाल्या. “मला माझी हुशारी दाखवायची होती, म्हणून मला कुणीतरी हवं होतं. तिच्या बाजूनं बोलणारं तिथं कुणी नव्हतं, म्हणून ती. दुसरं काही नव्हतं, वहिनी.”

भावाने पहिल्यांदाच भिंतीवरची नजर काढली. वहिनी “हो का” म्हणाली, पण तिचे समाधान झालेले दिसले नाही. तिने पाण्याचे पितळी भांडे उचलून आत नेले. वाचनबाई बसून राहिल्या, कारण कुलूप निघालेले नव्हते. आणि मग उठल्या, कारण ते काढा असे सांगण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

नवी त्यांना जिन्यापर्यंत पोहोचवायला आली.

“उद्यापासून तुम्ही वर बसाल,” वाचनबाई म्हणाल्या. “मी मुकादमीणबाईंशी बोलले आहे. नाही म्हणाल्या तर मालकांकडं जाईन.”

“वरचं बघू नंतर,” नवी म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता. कामाची आखणी करणाऱ्या माणसाचा होता. “उद्या इकडं पुन्हा या. परवाही. तुम्ही तेव्हा एकदाच बोललात अन् त्यांनी लगेच मानलं. हे मानायला त्यांना वेळ लागेल.”

वाचनबाई दुसऱ्या दिवशी गेल्या. वहिनीने पाणी दिले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि त्यांनी पुन्हा तेच उत्तर पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.